दोन पेट्या आणि अक्काची मुडली

अक्काची मुडली यापुढे घ्यायची नाही असं ठरलं, तेव्हा मी तिथंच शेडमध्ये मुडली धूत बसले होते. ठरवणाऱ्यांना मी दिसत होते. पण मी बोलणारी बाई नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी आवाज खाली केला नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं मूळ घर जोयड्याकडच्या डोंगरात, रानाच्या कडेला. मोठे दीर गेल्यापासून ती तिथं एकटी असते. तिची मुलगी गोव्याला दिली आहे, ती गणपतीला येते तेवढीच. आम्ही रामनगरला उतरून आलो, कारण माझा मुलगा इथून ट्रक चालवतो आणि ट्रक डोंगरात नेऊन कुठं उभा करणार. मी आले ती शेजारणीच्या ओळखीनं शेडमध्ये कामाला लागले. नवीन लग्न होऊन आलेली सूनही वर्षभरात तिथंच लागली, पण ती खुर्चीवर आणि मी पाण्याजवळ. ती खानापूरकडची, बारावीनंतर कंप्युटर शिकलेली. मी चौथी. मला वाचता येतं, लिहिता येतं, आणि लिहिलेलं मी कुणाला दाखवत नाही.

ही शेड कंदमुळं पिकवणाऱ्या बायकांच्या संघाची. कोन, कणगं, सुरण, माडी, असं सगळं येतं, पण खरा माल मुडलीचा. मुडली म्हणजे अळकुडीच्याच जातीची, पण मांडीएवढी जाड. आमच्या डोंगरात ती परसात, भाताच्या बांधावर, जिथं जागा मिळेल तिथं लावतात. भात सरल्यावर आम्हाला तिनंच जगवलं. आता गोव्याचे हॉटेलवाले आणि बेळगावचे लोक ती आवडीनं खातात. कच्च्या मुडलीनं हात खाजतात. मी खोबरेल लावून बसते तरी संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत लाल होतं. झोपताना चिंचेचं पाणी लावते. त्याची सवय झाली आहे, पण सवय झाली म्हणून खाज कमी होत नाही.

दर मंगळवारी डोंगरातल्या बायका माल घेऊन उतरतात. कुणी बसनं, कुणी टेंपोनं. प्रत्येकीचा माल वेगळा वजन होतो आणि तिच्या घराच्या नावावर चढतो. मग तो सगळा शेडच्या मधोमध एका राशीत ओततात. हे संघानं ठरवलेलं नाही, आमच्याकडची ती पद्धतच आहे. खळ्यावर चार घरांचं भात एकत्र मळलं तर रास एकच होते. ओतल्यावर माझं तुझं करायचं नसतं, तसं केलं तर राशीचा अपमान होतो म्हणतात. त्या राशीतून पोती भरून निरनिराळ्या बाजारांना जातात. धुणं, मुळ्या काढणं आणि निवडणं हे माझं आणि आणखी तिघींचं काम.

अक्का मंगळवारी पहिल्या बसनं यायची. वजन झालं की माझ्याजवळ पाट ओढून बसायची आणि दिवसभर बसायची. तिला तिथं काही काम नव्हतं. माझ्याबरोबर भाकरी खायची, बायकांच्या चहाड्या ऐकायची, तिघींना नावं ठेवायची, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत ते विचारायची, आणि शेवटच्या बसनं परत जायची. बाकीचे सहा दिवस ती कोंबड्यांशी बोलते. हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत. म्हणून मुडली घेणार नाही याचा अर्थ मला ताबडतोब कळला. मुडली काय, गोव्याला मुलीकडेही जाईल. पण अक्काचा मंगळवार गेला.

हे कशावरून झालं ते सांगायचं तर सुनेच्या दोन पेट्यांबद्दल सांगावं लागेल.

मला कंप्युटरमधलं काही कळत नाही. पण सून रोज त्याच्यावर वाकलेली असते आणि तिचीही पाठ माझ्यासारखीच दुखते, म्हणून एकदा दुपारी चहा पिताना मी विचारलं की त्यात एवढं काय असतं. ती खुर्चीवरून उठली आणि माझ्याजवळ ओल्या फरशीवर बसली. निवडलेल्या मुडल्या घेऊन तिनं त्या मांडायला सुरुवात केली. आडव्या ओळीत मालाच्या जाती, म्हणजे मुडली, कोन, कणगं. उभ्या ओळीत आठवडे. आणि एकावर एक जे थर चढवले ते घरांचे. खालचा थर एका घराचा, वरचा दुसऱ्याचा. असा चौकोनी ढीग झाला. म्हणाली, ही आपली आवकेची पेटी. यातला कुठलाही एक कंद उचलला की कुठल्या घरानं, कुठल्या आठवड्यात, काय दिलं ते कळतं.

मग बाजूला तिनं दुसरा ढीग मांडला. आडव्या ओळीत जाती, उभ्या ओळीत आठवडे, ते तसंच. पण थर घरांचे नाहीत, बाजारांचे. मडगाव, बेळगाव, धारवाड. ही विक्रीची पेटी. कुठल्या बाजारात किती गेलं आणि कुठून किती तक्रारी आल्या ते हिच्यात.

“आता आत्ती, बगा,” ती म्हणाली. “विक्रीच्या पेटीतल्या आकड्यावर बोट ठेवलं की तिथून आरपार आवकेच्या पेटीत जाता येतं. बोअर मारल्यागत. मडगावला गेलेली मुडली आली कुठनं, त्ये खाली दिसतं.”

मी विचारलं, वरच्या, म्हणजे विक्रीच्या, पेटीत घर नाही आणि खालच्या पेटीत बाजार नाही, तर बोअर खाली कुठं उतरणार?

ती म्हणाली की जात आणि आठवडा दोन्हीकडं आहे, त्या दोन दोऱ्या धरून उतरायचं. बाकीचं प्रोग्राम बघून घेतो. बेळगावहून एक जण येऊन तो प्रोग्राम करून गेला होता. काय बघून घेतो ते तिलाही तेव्हा माहीत नव्हतं, आणि मीही पुढं विचारलं नाही. चहा संपला होता. तिनं मांडलेले ढीग मोडले आणि मी ते पुन्हा धुतले, कारण फरशीवरची माती लागली होती.

तो प्रोग्राम सुरू केला त्या दिवशी संघाच्या अध्यक्षबाईंनी नारळ फोडला होता. अध्यक्षबाई रामनगरच्याच, नवऱ्याचं दुकान आहे, बोलायला खणखणीत पण मनानं वाईट नाहीत. डोंगरातल्या बायकांनी म्हटलं की पहिलं माप सगळ्यांत वडील बाईचं पडलं पाहिजे. नव्या राशीत पहिली पाटी नेहमी घरातली म्हातारी ओतते. मग अक्काला पुढं बोलावलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला, कंप्युटरला हळदकुंकू लावलं, आणि सुनेनं तिच्यासमोर घरांच्या यादीत पहिलं घर तिचं लिहिलं. अक्का कितीतरी दिवस वाडीत सांगत होती की मशीनमध्ये पहिली मी हाय.

पुढं थंडी पडली, मुडली काढायचे दिवस आले, आणि मडगावच्या एका हॉटेलातून तक्रार आली. मुडली खाजते, गिऱ्हाइकांच्या घशाला खाज सुटली. शेडमधल्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, खाजत न्हाई ती मुडली कसली, आमसूल घातलं नसंल मेल्यानं. अध्यक्षबाईंनाही हसू आलं, पण माल परत आला होता. त्यांनी सुनेला विचारलं, कुणाची मुडली होती ही? सुनेनं मडगावच्या आकड्यावर बोट ठेवलं. बोअर उतरली. खाली अक्काचं घर आलं.

मी मान वर केली नाही. त्या आठवड्यात अक्कानं माल दिला होता हे खरं होतं.

अध्यक्षबाई पहिल्या खेपेला काही बोलल्या नाहीत. दुसरी तक्रार बेळगावहून आली. पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा अक्का. तेव्हा त्या म्हणाल्या की म्हातारी कच्ची मुडली काढत असेल, नाहीतर पाण्यातल्या वाफ्यातली आणत असेल. कुणी म्हणालं, डोळ्यांनी कमी दिसतं तिला, रानातलं जंगली अळू पण भरत असंल पोत्यात. त्यावर जरा हशा झाला. मग ठरलं. तिला वाईट वाटेल असं काही सांगायचं नाही, फक्त यंदा माल पुष्कळ आहे असं म्हणायचं. सून माझ्याकडे बघत होती. तिनं एकदा म्हणून पाहिलं की रास एकत्र असते, त्यात दुसरीचीही असू शकेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुजं मशीनच सांगायलंय न्हवं? का मशीन खोटं बोलतंय म्हनतीस?”

सून परत कंप्युटरकडे वळली. मशीन खोटं म्हटलं तर तिच्या खुर्चीचाच प्रश्न होता.

पुढच्या मंगळवारी अक्का नेहमीसारखी पहिल्या बसनं आली. काट्यावरच्या बाईनं तिला माल पुष्कळ झाल्याचं सांगितलं. अक्का तिच्या मागची रास बघत होती. रास तेव्हा गुडघ्याएवढीही नव्हती. ती माझ्याजवळ येऊन बसली, पण पाट ओढला नाही, उकिडवीच बसली. मी तिला भाकरी दिली तर म्हणाली, खाऊन आलेय. दुपारचीच बस धरून गेली. पोतं कंडक्टरनं वर चढवलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ती आली, पोतं घेऊनच आली. पुन्हा तेच झालं. नंतर आली नाही.

या सगळ्यात मी काय करत होते म्हणाल तर मुडली धूत होते. घरी येऊन स्वयंपाक, धुणं, मुलगा ट्रकवरून आला तर त्याचं गरम पाणी. त्या महिन्यात मला इतका थकवा यायचा की बसल्या जागी डोळे मिटायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या, त्यांनी तोंडाला लोखंडाची चव यायची. सून आणि मी रात्री एकमेकींशी फारसं बोलत नव्हतो. तिला वाटायचं मी तिच्यावर रागावले आहे. मी रागावले नव्हते. पण तसं सांगायलाही अंगात जोर लागतो.

वाडीतून येणाऱ्या एकीनं सांगितलं की अक्कानं मुडली जमिनीतच ठेवली आहे, काढलीच नाही. आणि मुडली जमिनीत ठेवली की रानडुकरं येतात. त्यांना वास लागतो. एका रात्रीत अर्धं परस नांगरल्यासारखं केलं होतं म्हणे. अक्का डबा वाजवायलाही उठली नाही.

मग तिसरी तक्रार आली, धारवाडहून. अध्यक्षबाई स्वतः सुनेच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. सुनेनं बोट ठेवलं. खाली काहीच आलं नाही. पांढरं पान. सुनेनं पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरं.

त्या आठवड्यात अक्काचा माल घेतलाच नव्हता. तिच्या घरापुढं काही नव्हतंच.

मला वाटलं आता तरी त्यांना कळेल. पण अध्यक्षबाईंनी वेगळाच हिशेब लावला. त्या वळल्या आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलल्या. “मावशी, म्हातारीचा माल तुमी तर घालत न्हाई न्हवं राशीत? दुसऱ्या कुनाच्या नावानं?”

बाकीच्या तिघींचे हात थांबले. मला वाटतं मी नुसती मान हलवली. नाही अशी हलवली, पण हात ओले आणि मान खाली, त्यामुळे ती कशी दिसली कुणास ठाऊक. काट्यावरची बाई म्हणाली, जावा जावा त्या, एका चुलीतल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सून खुर्चीवरून उठली. मला वाटलं ती भांडणार. पण ती फक्त म्हणाली की मला आजचा दिवस द्या, मी तपासते. आणि पुन्हा बसली.

त्या दिवशी ती जेवायला उठली नाही. मी तिच्याजवळ डबा ठेवला, तो तसाच राहिला. मी मुळ्या काढत होते आणि मधूनमधून तिच्याकडे बघत होते. ती एकेक आकडा दाबत होती. जिथं तक्रार नव्हती तिथंही. मडगावची कणगं दाबली, बेळगावचा सुरण दाबला, मागच्या महिन्याचा कोन दाबला. प्रत्येक वेळी खाली बघायची आणि काहीतरी पुटपुटायची. तिसऱ्या प्रहरी तिनं मला हाक मारली.

“आत्ती, हिकडं या. कुटंबी हात लावा, अक्काच येतीया.”

मी हात पुसून गेले. तिनं माझं बोट धरून एका आकड्यावर ठेवलं. खाली अक्काचं घर. दुसऱ्यावर ठेवलं. अक्काचं घर. तिसऱ्यावर ठेवलं तर पांढरं पान, आणि तो आठवडा अक्का मुलीकडे गोव्याला गेलेली तेव्हाचा. मला कळलं नाही म्हणून तिनं सांगितलं.

वरच्या पेटीत घर नाही. म्हणजे वरून उतरताना घर कुठलं, हे सांगायला कुणी नाही. पण खालच्या पेटीला घर लागतंच, त्याशिवाय ती उघडत नाही. मग काहीच सांगितलेलं नसेल तर कुठलं घर धरायचं, हे त्या प्रोग्राम करणाऱ्यानं मागंच ठरवून ठेवलं होतं. यादीतलं पहिलं. बाकीच्या गावांत कदाचित पहिल्या ओळीत ‘सगळी घरं’ असं लिहीत असतील आणि मग खाली सगळी येत असतील. आम्ही तिथं अक्काला बसवलं होतं. मानानं.

मी तिला विचारलं, हे आता दुरुस्त होतं का?

होतं, ती म्हणाली. पहिल्या ओळीत ‘सगळी’ लिहायचं, एवढंच.

तिनं अध्यक्षबाईंना बोलावलं आणि त्यांना दाखवलं, न रागावता, बोट धरून, मला दाखवलं तसंच. अध्यक्षबाईंनी चार-पाच आकडे स्वतः दाबून बघितले. मग स्टुलावर बसल्या. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. म्हणाल्या, “आरं देवा. म्हातारीला आमी हळदकुंकवानं फाशी दिली की गं.” मग मला म्हणाल्या, मावशी, मनात धरू नका. मी म्हटलं, न्हाई. त्यांनी त्यांच्या पैशानं सगळ्यांना चहा मागवला.

सुनेनं यादी बदलली आणि धारवाडच्या तक्रारीवर पुन्हा बोट ठेवलं. आता पान भरून गेलं. त्या आठवड्यात मुडली दिलेली सगळी घरं, एकाखाली एक. अध्यक्षबाईंनी वाचलं आणि विचारलं, मग यातलं कुणाचं? सून म्हणाली, ते सांगता येत नाही. राशीत ओतल्यावर कुणालाच सांगता येत नाही. सांगायचं असेल तर रास बंद करायला लागेल, प्रत्येक पोत्याला घराची चिठ्ठी बांधून तशीच बाजारात पाठवायला लागेल. तेव्हा कुठं वरच्या पेटीत घर येईल.

ही गोष्ट बायकांना सांगितली तेव्हा कुणालाच ती नको होती. चिठ्ठी बांधायची म्हणजे उद्या एकीची मुडली खपली आणि दुसरीची राहिली तर? इतकी वर्षं एकत्र ओतत आलो, म्हणाल्या. मग खाजली तर खाजली, सगळ्यांच्या नावावर येऊ दे. अध्यक्षबाईंनीही ते मान्य केलं. कोणाची मुडली खाजत होती ते अजून कुणाला माहीत नाही.

पुढच्या रविवारी सून आणि मी अक्काकडे गेलो. अध्यक्षबाईंनी सोबत साखर आणि खोबरं दिलं होतं. बस जोयड्याच्या पुढं उतरवते, तिथून चालायचं. पूर्वी मी ती चढण डोक्यावर ओझं घेऊन चढायचे. त्या दिवशी नुसत्या हातांनी तीन ठिकाणी बसले. सून माझी पिशवी घेऊन पुढं जायची आणि थांबायची. म्हणायची, सावकाश या, आत्ती, कुणी पळत न्हाई. खाली झाडांतून धरणाचं पाणी दिसत होतं. मला वाटत होतं की पोचूच नये, कारण पोचल्यावर बोलावं लागणार.

अक्का अंगणात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उठली नाही. सुनेला म्हणाली, पानी घ्या, मडक्यात हाय. घराच्या मागं परस दिसत होतं. सगळी माती उलटी पडलेली, मुडलीची पानं चुरगळून वाळलेली.

सुनेनं तिला सगळं सांगितलं. पेट्या, बोअर, पहिलं घर. अक्कानं सूप खाली ठेवलं नाही, पण तिचे हात थांबले. मध्ये तिनं एकदाच विचारलं, माझंच नाव कशाला यायचं? सुनेनं पुन्हा सांगितलं. माफी मागितली. अध्यक्षबाईंची साखर पुढं ठेवली.

अक्का साखरेकडे बघत म्हणाली, “मला कुनी काय म्हनलं न्हाई. मशीननं म्हनलं. पन ऐकलं तुमी.” हे ती सुनेला म्हणाली का मला, ते कळलं नाही. तिनं दोघींकडेही बघितलं नाही.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात त्या गोळ्यांची चव होती. मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.

मग अक्कानं विचारलं की आता मशीन कुणाचं नाव सांगतंय. सून म्हणाली, सगळ्यांचं. अक्काला बरं वाटेल असं वाटून तिनं आणखी सांगितलं की धारवाडच्या तक्रारीत सगळ्यांची नावं आली, फक्त तुमचं नाही, मोठ्या आत्ती, कारण तुम्ही त्या आठवड्यात काही दिलंच नव्हतं. तुमच्यावर आता काहीच नाही.

अक्काचा चेहरा मी बघितला. तिला बरं वाटलं नव्हतं.

“सगळ्यांचं हाय आन् माजं न्हाई?”

“न्हाई.”

“मग सगळी कशी म्हनायची?”

सून माझ्याकडे बघायला लागली. मला अक्काचं म्हणणं कळत होतं. मी एवढंच म्हटलं, “अक्का, मंगळवारी ये. तुझ्या वाटणीची खाज बी आण.”

ती हसली नाही. सूप माझ्या मांडीवर सरकवलं आणि आत गेली. मला वाटलं, रागावून गेली. सून उठायला लागली तर मी तिचा हात धरून बसवलं. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि अक्का कुदळ घेऊन मागच्या दारानं परसात उतरली.

डुकरांनी वरचं वरचं खाल्लं होतं. बांधाच्या अंगाला, दगडांत अडकलेली काही खोडं शिल्लक होती. अक्का तिथं वाकली आणि दगडाच्या बाजूनं हळूहळू माती ओढायला लागली. तिला धाप लागत होती. दोन घाव आणि एक थांबणं. सून पदर खोचून खाली उतरली, तिनं कुदळ मागितली. अक्कानं दिली नाही.

मला बसायचं होतं. पायऱ्यांवर सावली होती आणि माझे गुडघे चढणीनं सुजल्यासारखे झाले होते. पण अक्का खणत होती. मी टोपली घेतली आणि जाऊन तिच्याजवळ धरली. पहिली मुडली निघाली ती अर्धी खाल्लेली, तिनं ती बाजूला फेकली. दुसरी चांगली होती. तिनं हातानं माती पुसली, उलटसुलट करून बघितली, आणि टोपलीत टाकली.

“तुमची शेवटची बस कवा हाय?” तिनं विचारलं.

सुनेनं सांगितलं.

“मग अजून येळ हाय,” अक्का म्हणाली, आणि पुन्हा वाकली.